घरच्या गॅरेजसाठी स्वस्तातली टू-पोस्ट लिफ्ट: पैसे कुठे वाचवावेत, कुठे अजिबात नाही?

पाना_तेरा
नमस्कार मंडळी. गाडीची कामे शक्यतो घरीच करतो. ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन, कधीमधी क्लच. जॅक लावायचा, घोड्या सरकवायच्या आणि पाठीवर झोपून तोंडावर माती झेलायची, याचा आता कंटाळा आलाय. पाठीला माझ्याआधीच आला होता. टू-पोस्ट लिफ्ट, म्हणजे दोन खांबांच्या मध्ये गाडी उचलून धरणारी, बसवायचे मनात आहे.

गॅरेज आतून ६ मीटर रुंद, ७ मीटर लांब. छत ३.०५ मीटरवर. खाली काँक्रीट, त्यावर टाइल्स. वीज सिंगल फेज. गाड्या दोन: साधारण ११०० किलोची हॅचबॅक आणि १९०० किलोच्या आसपासची जुनी, चासीवाली एसयूव्ही.

४ टनी लिफ्ट शोधायला गेलो की दिसायला अगदी सारख्या दोन लिफ्टच्या किमतीत प्रचंड फरक दिसतो. फोटोत दोन्हींना दोन खांब, चार आर्म, एक मोटर. मग जास्तीचे पैसे जातात कुठे? धंदा करायचा नाही, वापर सुट्टीच्या दिवशी. विक्रेते सगळेच "घ्या हो बिनधास्त" म्हणतात, म्हणून इथे विचारतो.

जुना_खांब
लिफ्ट कोणती ते नंतर बघू. आधी मोजपट्टी घ्या.

टू-पोस्टचे दोन प्रकार. एकात दोन खांबांना जोडणारा आडवा बीम वर असतो, केबल आणि होज त्यातून जातात. जमीन मोकळी राहते, पण उंची साधारण साडेतीन मीटर किंवा जास्त लागते. दुसऱ्यात हेच सगळे खाली, जमिनीवरच्या पत्र्याखालून जाते. त्याला फ्लोअरप्लेट म्हणतात. तिचे खांब पावणेतीन-तीन मीटरच्या आत बसतात. तुमचे छत ३.०५, म्हणजे पहिला प्रकार बाद. अर्धा बाजार इथेच कमी झाला, बरेच झाले.

आता गाडी किती वर जाईल? पूर्ण गाडीची उंची अधिक लिफ्टची उंची असे धरू नका, कारण पॅड, म्हणजे आर्मच्या टोकाची गादी, गाडीला जमिनीवर नाही, दाराखालच्या उंबऱ्याखाली किंवा चासीखाली टेकते. हॅचबॅक १.५ मीटर उंच, उंबरा जमिनीपासून २० सेंटीमीटर, म्हणजे पॅडच्या वर १.३ मीटर गाडी. छताखाली ५ सेंटीमीटर मोकळे सोडले तर पॅड १.७ मीटरपर्यंत जाईल. बहुतेक माणसे मान थोडी झुकवून खाली उभी राहतील. एसयूव्ही १.८ मीटर उंच आणि चासी ३५ सेंटीमीटरवर धरली तर पॅड १.५५ला थांबवावे लागेल. तिच्याखाली चाकांच्या स्टुलावर बसून काम. चालते, पण आधी माहीत असलेले बरे.

शंकासुर
आणि दिवे, पंखा, शटरचा ड्रम, दरवाजा वर सरकण्याची पट्टी? छताचा आकडा सगळे सांगतात, छताला काय लटकलेय ते कोणी सांगत नाही.

जुना_खांब
बरोबर. शिवाय बीमवाल्या लिफ्टला वर एक आडवी दांडी असते, गाडीचे टप दांडीला लागले की मोटर बंद. फ्लोअरप्लेटमध्ये ती सोय सहसा नसते. तुमच्या छताखाली ते तुम्हालाच सांभाळावे लागेल: लिमिट स्विच (ठरलेल्या उंचीला मोटर बंद करणारा) बसवा, किमान खांबावर प्रत्येक गाडीसाठी रंगाची खूण करा. आणि मागचे दार उघडे ठेवून गाडी वर घेऊ नका, हे लिहायची वेळ येते यावरून काय ते समजा.

कोबा_काँक्रीट
मी स्थापत्यवाला, लिफ्टमधले फार कळत नाही. पण "खाली काँक्रीट, त्यावर टाइल्स" हे वाचून थांबलो.

दोन खांबांची लिफ्ट स्वतःच्या पायावर उभी नसते, बोल्टवर उभी असते. चार खांबांच्या लिफ्टचा भार सरळ खाली जातो. इथे गाडी खांबाच्या आतल्या बाजूला लोंबते, त्यामुळे खांब आतल्या बाजूला झुकू पाहतो आणि बाहेरचे बोल्ट उपटले जाऊ पाहतात. गणितापुरते आकडे धरू: गाडी २ टन, म्हणजे प्रत्येक खांबावर १ टन. तो भार बेसप्लेटच्या, म्हणजे खांबाच्या बुडाच्या पत्र्याच्या, आतल्या कडेपासून ५५ सेंटीमीटर आत, आणि त्याच कडेपासून बाहेरचे बोल्ट ४० सेंटीमीटरवर. म्हणजे बाहेरच्या बोल्टांवर मिळून जवळजवळ १.४ टनाची ओढ. वरच्या दिशेने! गाडी मध्यभागी नसेल, कोणी नट सोडवायला जोर लावत असेल, तर त्याच्याही वर. हे सगळे धरून ठेवणार तुमचा कोबा.

लिफ्टच्या बहुतेक पुस्तिकांत किमान ४ ते ६ इंच जाडी आणि ३००० पीएसआय म्हणजे सुमारे २१ मेगापास्कल ताकद लिहिलेली असते. ही ताकद काँक्रीटच्या सिलिंडरच्या आकाराच्या ठोकळ्यावर मोजलेली. आपण घनाकृती ठोकळ्यावर मोजतो, त्यात तेच काँक्रीट जास्त आकडा दाखवते. म्हणून एम २० (घनावर २० मेगापास्कलचे काँक्रीट) म्हणजेच ३००० पीएसआय असे समजू नका. एम २५च्या खाली नकोच, नवीन ओतणार असाल तर एम ३० करा, फरक फार पडत नाही.

टाइल्स आणि त्याखालचा मसाला जाडीत धरायचा नाही. बेसप्लेटच्या जागी तो काढूनच टाकायचा. खालून पोकळी असेल, तळघर असेल, तर विषय संपला, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर ड्रिलसुद्धा लावू नका, आतली ताणलेली केबल तुटली तर जीवावर बेतेल. डांबरावर तर बोल्ट धरतच नाही.

पाना_तेरा
गॅरेज जमिनीवरच आहे, खाली काही नाही. जाडी कशी मोजू? फोडायचे का?

कोबा_काँक्रीट
खांब येणार त्या दोन्ही जागी बारीक ड्रिलने आरपार भोक. तारेचे टोक वाकवून आत घाला, खालच्या कडेला अडकवा, वरून खूण करा. जागा बदलून दोन-तीन ठिकाणी बघा, कारण कोबा सगळीकडे सारखा जाड कधीच नसतो. कडेला जाड आणि मध्ये कंजूषपणा, हा नेहमीचा प्रकार.

चौथा_गिअर
एवढा घोळ घालण्यापेक्षा खड्डा खणा. ना मोटर, ना बोल्ट, ना सर्टिफिकेट. आमच्या आजोबांच्या काळापासून गाड्या खड्ड्यावरच दुरुस्त होतात.

जुना_खांब
खड्ड्याला माझा विरोध आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती खाली साचते, तुम्ही त्यात उभे, आणि हातात लोंबता दिवा. वायुवीजन आणि ठिणगीरहित दिव्यांची सोय केल्याशिवाय घरगुती खड्डा नको. शिवाय खड्ड्यात चाक निघत नाही. ब्रेक आणि सस्पेन्शनची कामे आहेत म्हणताहेत ना ते.

अर्धा_मेकॅनिक
मधला मार्ग: कात्री लिफ्ट. गाडी मीटरभर वर, चारही चाके मोकळी, छताची कटकट नाही, पुष्कळ मॉडेल बोल्टशिवाय चालतात. ब्रेक-सस्पेन्शनला उत्तम. तोटा एकच, पण मोठा: गाडीच्या पोटाखाली मधोमध लिफ्टच असते. सायलेन्सरचा पाइप, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, सगळे तिच्या आड. क्लच करणाऱ्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

पाना_तेरा
मोजले. टाइल आणि मसाला सोडून एका जागी ९५ मिलिमीटर, दुसऱ्या जागी ८०. मन खट्टू झाले.

कोबा_काँक्रीट
उलट स्वस्तात सुटलात. लिफ्ट आणून बोल्ट ठोकल्यावर कळले असते तर?

खांबांच्या जागी चौकोन कापून नवीन फुटिंग, म्हणजे काँक्रीटचा पाया, ओता. किती लांब-रुंद-खोल ते लिफ्टच्या कंपनीच्या आराखड्यात असते, तो लिफ्ट घेण्यापूर्वी मागून घ्या. देत नसतील तर ती कंपनीच सोडा. दोन सुटे चौकोन करण्यापेक्षा दोन्ही खांबांखालून जाणारा एकच सलग पट्टा मला पसंत, कारण मग दोन्ही खांब एकाच पातळीवर राहतात आणि एक बाजू खचायची भीती कमी होते. जुन्या कोब्यात सळ्या रुतवून नव्याला जोडा. सळई बोल्टच्या वाटेत येणार नाही अशी बांधा, नाहीतर ड्रिल करताना नेमकी तिथेच बिट अडेल. आणि २८ दिवस थांबायचे. आठवड्यात वरून दगडासारखे वाटते, पण बोल्टला आतली ताकद हवी. क्युरिंग मन लावून करा.

तर आता लिफ्टच्या बजेटमधून पहिला घास फुटिंगचा. उरलेल्यात काय बसते ते बघा.

शंकासुर
जुना कोबा ९५ आहे तिथे केमिकल अँकर (भोकात गोंद भरून बसवलेला बोल्ट) लावून भागणार नाही का? इपॉक्सी तर खूप धरते म्हणतात.

कोबा_काँक्रीट
इपॉक्सी बोल्टला काँक्रीटशी धरते. काँक्रीटच तुकड्यासकट वर आले तर इपॉक्सी काय करणार? पुस्तिकेत चालेल असे लिहिले असेल तरच, आणि तेही पुरेशा जाडीच्या काँक्रीटमध्ये.

ऑइलसील
आता लिफ्टकडे येतो, कारण मूळ प्रश्न राहूनच गेला. दोन सारख्या दिसणाऱ्या लिफ्टमध्ये पैसे कुठे जातात?

पत्र्याची जाडी आणि वेल्डिंग. खांब हा एक वाकवलेला, आतून उघडा पत्रा असतो, आणि आत वरखाली सरकणारी कॅरेज. दोन लिफ्टचे नुसते वजन विचारा. ४ टनी लिफ्ट साधारण ६००-७०० किलोची असते. त्याच क्षमतेची एखादी बरीच हलकी असेल तर ते लोखंड कुठून तरी कमी केलेले आहे. वजन कळायला इंजिनिअर व्हावे लागत नाही, पाठवणीच्या कागदावर लिहिलेले असते.

मग कॅरेजचे स्लायडर. कॅरेज खांबात प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर सरकते. ते झिजतात, झिजले की आर्मचे टोक खाली झुकते. बदलायचे ठोकळे सुटे मिळतात का, हे घेण्यापूर्वीच विचारा. गाडी उचलणाऱ्या तेलाच्या सिलिंडरच्या सीलचेही तेच. घरगुती वापरात लिफ्ट वर्षानुवर्षे टिकते, विकणारा टिकेलच असे नाही.

आणि लॉक. सगळ्यात महत्त्वाचे. लिफ्ट वर जाताना टकटक आवाज येतो तो लॉकचा खटका. काम करताना गाडी तेलाच्या दाबावर कधीच ठेवायची नाही. हवी त्या उंचीच्या किंचित वर न्यायची आणि खाली सोडून दोन्ही लॉकवर टेकवायची. दोन्ही खांबांचा टक एकाच वेळी वाजला पाहिजे. पुढेमागे वाजत असेल तर समतोलाच्या केबलचा ताण कमीजास्त आहे. त्या केबलचे काम गाडी उचलणे नाही, दोन्ही कॅरेज एका पातळीत ठेवणे एवढेच.

लॉक सोडवायला स्वस्त लिफ्टमध्ये दोन्ही खांबांवर वेगळी दोरी असते, महागात एकाच लिव्हरने दोन्ही सुटतात. इथे खुशाल पैसे वाचवा. दोन पावले चालून दुसरी दोरी ओढायची, तेवढेच. मला तर ते बरेच वाटते, दुसऱ्या बाजूला काय अडकलेय ते आपोआप बघून होते.

अर्धा_मेकॅनिक
चेनचे सांगायचे राहिले. काहींमध्ये सिलिंडर कॅरेजला थेट ढकलतो, काहींमध्ये आखूड सिलिंडर आणि त्यावरून चेन. चेनवाल्यात झिजणारी एक वस्तू वाढते, एवढे लक्षात ठेवा.

चौथा_गिअर
स्क्रूवाल्या लिफ्टचे काय? तेलच नाही तर गळणार कुठून?

ऑइलसील
तेल गळत नाही, नट झिजतो. लांब आट्यांच्या स्क्रूवर पितळी नट गाडी उचलतो, त्याच्या खाली एक राखीव सेफ्टी नट असतो. त्या दोघांतले अंतर मोजत राहायचे. ते कमी झाले म्हणजे मुख्य नट खाल्ला गेला. ज्याला हे अंतर नियमित मोजायची शिस्त आहे त्याच्यासाठी जुनी स्क्रू लिफ्ट वाईट नाही. मात्र ग्रीस किंवा तेल न घालता चालवलेली सेकंडहँड स्क्रू लिफ्ट कुणी फुकट दिली तरी नको.

पाना_तेरा
सेकंडहँडचाच विचार होता. बंद पडलेल्या वर्कशॉपची एक आहे, नामांकित बनावटीची.

जुना_खांब
नामांकित बनावटीची जुनी विरुद्ध अनोळखी नवी, यात माझे मत पहिलीला. पण अटी आहेत. बसवलेली, चालू असताना बघायची. सुटी करून कोपऱ्यात ठेवलेली नाही. गाडी चढवून वर घ्या, लॉकवर न टेकवता थोडा वेळ ठेवा, खाली उतरतेय का बघा. अर्थात खाली उभे न राहता. आर्म पूर्ण बाहेर काढून टोक वरखाली हलवा. आर्मच्या पिनची भोके लांबट झालीत का, खांबाच्या मुळाशी वेल्डिंगवर नवा रंग मारलाय का. फक्त तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला तर नमस्कार करून निघा. केबलच्या तारा तुटून बाहेर आल्या असतील तर नुसती केबल बदलता येते, त्यासाठी सौदा सोडू नका, भाव पाडा.

खांबाची उंची मात्र मोजा. वर्कशॉपची बहुधा वर बीमवाली निघेल, आणि ती तुमच्या छतात मावणार नाही. बीम खाली आणतो, खांब कापून देतो म्हणणारे भेटतील. त्यांच्यापासून दूर राहा.

शंकासुर
सर्टिफिकेटचे कोणी बोलत नाही. सगळ्यांवर सीई, म्हणजे युरोपीय नियमांत बसत असल्याची खूण, छापलेले दिसते.

ऑइलसील
छापायला शाई लागते फक्त. युरोपातले मानक ईएन १४९३, खास गाड्यांच्या लिफ्टसाठी. २००६च्या युरोपीय यंत्र-निर्देशात या लिफ्ट जास्त धोक्याच्या यंत्रांच्या यादीत आहेत. त्यामुळे त्रयस्थ संस्थेचे तपासणी प्रमाणपत्र मागा, त्यावरचा मॉडेल क्रमांक लिफ्टच्या पाटीवरच्या क्रमांकाशी जुळतो का बघा, आणि संस्थेच्या संकेतस्थळावर तो क्रमांक सापडतो का तेही. अमेरिकेत एएलआय या लिफ्ट उत्पादकांच्या संस्थेचे सोनेरी लेबल असते, प्रमाणित मॉडेलची यादी त्यांच्या साइटवर कुणालाही बघता येते. "त्याच कारखान्यात बनते" हे वाक्य म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

ग्रीसगन
उशिरा आलो. सिमेट्रिक की असिमेट्रिक यावर कोणीच काही नाही?

सिमेट्रिकमध्ये खांब समोरासमोर, चारही आर्म सारखे, गाडीचा मध्य खांबांच्या रेषेत. लांब, जड गाड्यांना छान, पण हॅचबॅकचे दार उघडले की खांबाला. असिमेट्रिकमध्ये खांब थोडे फिरवलेले, पुढचे आर्म आखूड, मागचे लांब, गाडी मागे सरकून उभी राहते. दार उघडते, माणूस बाहेर येतो. पुढे इंजिन असलेल्या लहान गाड्यांना हीच. तुमच्या दोन्ही गाड्या तिच्यावर बसतील, फक्त एसयूव्हीच्या चासीपर्यंत पोचायला उंची वाढवणारे अडॅप्टर घ्या. ते सोबत येतात की वेगळे, विचारा.

क्षमतेबद्दल: ४ टनी म्हणजे प्रत्येक आर्मला १ टन, बस. चौघांची बेरीज ४ झाली म्हणून एकावर दीड टाकता येत नाही. तुमची एसयूव्ही १९०० किलो, पुढे ६० टक्के वजन धरले तर पुढच्या प्रत्येक आर्मवर ५७० किलो. भरपूर वाव आहे. ५ टनीच्या मागे लागू नका, तिचे आर्म जाड असतात आणि खाली बसलेल्या गाडीखाली सरकतच नाहीत. आर्म आणि पॅड पूर्ण खाली असताना जमिनीपासून किती उंच, हा आकडा लहान गाडीवाल्याने क्षमतेच्या आधी बघावा. १०-११ सेंटीमीटरच्या आत असेल तर बरे.

कोबा_काँक्रीट
@ग्रीसगन, हा ६०-४०चा मुद्दा माझ्या बोल्टांच्या गणितालाही लागतो, बरे का. गाडी पुढेमागे चुकीची उभी राहिली की खांबाला पीळ बसतो.

ग्रीसगन
म्हणून तर वीतभर उचलायची, बंपर धरून हलवायची, चारही पॅड नीट टेकलेत का बघायचे आणि मगच वर. आर्म हलू नये म्हणून बुडाशी दातेरी लॉक असते, ते बसलेय का तेही.

आणि इंजिन किंवा गिअरबॉक्स वर असतानाच उतरवणार असाल तर तोल बदलतो. पुढचे वजन गेले की गाडी मागे कलते. उंच स्टँड लावून दुसरे टोक आधीच टेकवून ठेवा. उद्या इलेक्ट्रिक घेतलीत तर पॅड बॅटरीच्या पेटीखाली लावायचे नाहीत, कंपनीने दाखवलेल्याच जागी.

चौथा_गिअर
अवांतर: गाडी उचलायची हायड्रॉलिक लिफ्ट १९२५मध्ये अमेरिकेत पीटर लुनाटी नावाच्या मेकॅनिकने काढली, आणि कल्पना सुचली म्हणे न्हाव्याच्या वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून. खड्डा हरला, मान्य.

पाना_तेरा
सगळे वाचून असे ठरवतोय: फ्लोअरप्लेट, असिमेट्रिक, ४ टनी, हायड्रॉलिक, दोन दोऱ्यांची लॉक. आधी फुटिंग. वर्कशॉपवाली खरेच बीमवाली निघाली, सोडली. फ्लोअरप्लेटचा आणखी काही तोटा?

अर्धा_मेकॅनिक
आहे. मधला पत्रा जमिनीपासून इंच-दीड इंच वर येतो. गिअरबॉक्सचा जॅक चाकांवर ढकलत आणला की तिथेच अडतो, पाय तर रोज अडतो. त्या पत्र्याखाली केबल आणि होज असते आणि नेमके तिथेच गाडी धुतलेले पाणी, माती जाते. पत्रा उचलून साफ करायची सवय ठेवा, केबल तिथे गंजते आणि वरून दिसत नाही.

ऑइलसील
विजेचे: सिंगल फेज मोटर साधारण २.२ किलोवॅटची असते. चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते, म्हणून मीटरपासून स्वतंत्र लाइन, पुस्तिकेतल्या मापाची वायर आणि ब्रेकर. एक्स्टेंशन बोर्ड नको. आणि ६००-७०० किलोची लिफ्ट टेम्पोतून कोण उतरवणार आणि खांब उभे कोण करणार, हे आत्ताच ठरवा. माणसे गोळा करून दोरीने उभे करण्याचा प्रकार नको, चेनब्लॉक किंवा छोटी क्रेन.

पाना_तेरा
शेवटचे. बोल्ट एकदा टॉर्क पान्याने आवळले की झाले ना?

कोबा_काँक्रीट
नाही. भोक मारल्यावर आतली भुकटी पूर्ण उडवा, नाहीतर भोकात बोल्ट घट्ट धरणारी पाचर नीट फुलत नाही. पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा, गाडी चढवून उतरवून पुन्हा तपासा. मग पुस्तिका सांगेल त्या अंतराने, आणि काहीच सांगत नसेल तर सुरुवातीला दर महिन्याला. सुरुवातीला थोडे फिरले तर चालते. पण एखादा बोल्ट प्रत्येक वेळी फिरतोय आणि टॉर्कला पोचतच नाहीये, तर आत काँक्रीट फुटलेय. तो जास्त आवळू नका, त्याच भोकात जाड बोल्टही नको. लिफ्ट वापरायची बंद, खांब उतरवायचा, आणि ती जागा नव्याने ओतायची.

पाना_तेरा
समजले. कंपनीकडून फुटिंगचा आराखडा मागवलाय, आला की इथेच टाकतो. सळईचे अंतर तुम्हीच बघून सांगा.

कोबा_काँक्रीट
टाका. बोल्टच्या भोकांची मापे असलेला कागदही सोबत टाका, त्याशिवाय सळई कुठे बांधायची ते सांगता येणार नाही.